मागची दोन की चारही?

वाचकांचे प्रश्न : बर्फातल्या गाड्या

ऑक्टोबर लागला की लीज, कर्ज आणि इंजिन ऑइलचे प्रश्न मागे पडतात आणि एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांतून येऊ लागतो : बर्फ येतोय, ऑल-व्हील (इंजिनाची ताकद चारही चाकांना) घ्यावी की रिअर-व्हील (फक्त मागच्या दोनांना) चालेल? या महिन्यात चार मोठी पत्रं आणि काही फुटकळ प्रश्न घेतले आहेत. चौघांना उत्तरं वेगवेगळी मिळतील, कारण चौघांचे रस्ते वेगळे आहेत.

प्रश्न : ताई, नोकरीसाठी आम्ही दोघं टेक्सासहून मिनियापोलिसच्या एका उपनगरात आलो. बर्फाचा हा पहिलाच हिवाळा. यांचं मन एका वापरलेल्या बीएमडब्ल्यू ३३०आय वर बसलंय, ती रिअर-व्हील आहे. तशीच एक्सड्राइव्ह, म्हणजे ऑल-व्हील, दुसऱ्या डीलरकडे आहे, पण तो साधारण दोन हजार डॉलर जास्त सांगतो. मंडळाच्या ग्रुपवर विचारलं तर सगळे एकजात म्हणाले, मिनेसोटात रिअर-व्हील म्हणजे वेडेपणा. घरापुढचा ड्राइव्हवे थोडा चढाचा आहे. काय करावं?

उत्तर : ग्रुपवरच्या किती जणांनी स्वतःच्या गाडीला विंटर टायर लावलेत, तेही विचारून बघा. मी आमच्या मिशिगनच्या ग्रुपवर विचारलं होतं. त्यानंतर बराच वेळ नुसते नमस्काराचे हात येत राहिले.

बर्फात गाडीकडून तीन कामं हवी असतात : जागेवरून निघणं, वळणं आणि थांबणं. इंजिनाची ताकद दोन चाकांना जाते की चारांना, याचा खरा फरक पहिल्या कामात पडतो. वळताना थोडाफार. थांबताना काहीच नाही, कारण ब्रेक स्वस्तातल्या स्वस्त गाडीलाही चारही चाकांना असतात. जाहिरातीत मात्र गाडी नेहमी बर्फ उडवत डोंगर चढताना दाखवतात. लाल सिग्नलला थांबताना कोणी दाखवत नाही.

टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. कोरड्या रस्त्यावर पगार भरपूर, बर्फावर तुटपुंजा. वळण्यात तो खर्च केला तर वेग घ्यायला उरत नाही आणि वेग घेण्यात उधळला तर वळायला उरत नाही. रिअर-व्हीलमध्ये जोर लावायचं काम मागच्या दोन चाकांच्या पगारातून भागवावं लागतं. तुम्ही वळणावर ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबलात की मागच्यांचा पगार संपतो आणि शेपूट बाहेर येते. ऑल-व्हीलमध्ये तोच खर्च चौघांत वाटला जातो, पण एकूण पगार वाढत नाही. तो वाढवायचा असेल तर टायर बदलावे लागतात, दुसरा उपाय नाही.

आता तुमचा ड्राइव्हवे. त्यावर एक साधं गणित आहे. चढ किती टक्के आहे ते काढा : दहा फूट पुढे गेल्यावर जमीन एक फूट वर आली तर तो दहा टक्के चढ. फोनमधलं लेव्हलचं ॲप अंश दाखवतं, सहा अंश म्हणजे साडेदहा टक्के. ऑल-व्हील गाडीला हा चढ चढायला साधारण ०.१ इतका घर्षणांक, म्हणजे टायर रस्ता किती धरतो त्याचा आकडा, पुरतो, कारण गाडीचं सगळं वजन जोर लावणाऱ्या चाकांवरच असतं. ३३०आय चं वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं वाटलेलं असतं, म्हणून रिअर-व्हीलला त्याच्या दुप्पट, ०.२ लागतो. दाबून बसलेल्या बर्फावर चांगल्या विंटर टायरला ०.३ च्या आसपास मिळतो. झिजलेल्या ऑल-सीझन, म्हणजे वर्षभर वापरायच्या साध्या, टायरला ०.२ मिळाला तरी नशीब. म्हणजे दहा टक्क्यांच्या चढावर विंटर टायर लावलेली रिअर-व्हील निवांत वर येईल आणि ऑल-सीझनवाली रडत-खडत. चढावर नुसता काचेसारखा आइस असेल तर घर्षणांक ०.१ वर येतो. तिथे ऑल-व्हीलही चाकं फिरवत उभी राहते. अशा दिवशी फावडं आणि मीठच लागतं.

हाच हिशोब थांबण्याला लावला की माझा मुद्दा कळेल. ताशी ३० मैल वेगात पूर्ण ब्रेक दाबला तर कोरड्या डांबरावर गाडी ३५ ते ४० फुटांत थांबते. घर्षणांक ०.३ असेल तर साधारण १०० फूट, ०.२ असेल तर १५० फूट आणि ०.१ असेल तर ३०० फूट लागतात. ब्रेक दाबेपर्यंत तुमच्या पायाला लागणारा वेळ यात धरलेला नाही. या आकड्यांत किती चाकांना ताकद मिळते हे कुठेच येत नाही. १०० आणि १५० मधले ते ५० फूट म्हणजे पुढची गाडी, किंवा क्रॉसिंगवरचं मूल.

ऑल-व्हीलबद्दल माझी जुनी तक्रार इथेच आहे. रिअर-व्हील गाडी निघतानाच कुरकुरते, मागून जरा हलते, पिवळा दिवा लुकलुकतो, आणि रस्ता निसरडा आहे हे तुम्हाला गल्लीतच समजतं. ऑल-व्हील काही बोलत नाही. ती कोरड्या रस्त्यावरून निघाल्यासारखी निघते आणि निसरड्याची पहिली बातमी ब्रेक दाबल्यावर मिळते. हिवाळी चाचण्यांच्या कामात असताना आम्ही नव्या इंजिनिअरांना पहिल्या दिवशी हेच दाखवायचो : चढ चढून जायचं, आणि मग उतरायचं. चढताना सगळे हसत असत.

रिअर-व्हील बदनाम का झाली, तेही सांगते. ही बदनामी पुढे जड इंजिन आणि मागे हलकी शेपूट असलेल्या जुन्या अमेरिकन गाड्यांनी मिळवलेली आहे. शेपूट सुटली तर ती सावरायला ड्रायव्हरच्या हातांशिवाय काही नव्हतं. आज गाडीतलं स्टॅबिलिटी कंट्रोल एकेका चाकाचा ब्रेक वेगळा दाबून शेपूट आवरतं. अमेरिकेत सप्टेंबर २०११ पासून प्रत्येक नव्या कारला ते सक्तीचं आहे. तुमची गाडी त्यानंतरचीच असणार, पण वापरलेली घेताना डॅशबोर्डवरचा तो दिवा चावी फिरवल्यावर लागतो आणि विझतो, एवढं बघून घ्या.

टायर घेताना बाजूच्या भिंतीवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण असं चिन्ह शोधा. नुसतं ‘एम प्लस एस’ लिहिलेलं असेल तर ते नक्षीबद्दल आहे, त्यामागे बर्फावरची चाचणी नसते. विंटर टायरचं रबर थंडीत मऊ राहतं. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी टायर कडक होऊ लागतो, आणि मिनियापोलिसचा जानेवारी त्याच्या कितीतरी खाली असतो. या गाड्यांना बऱ्याचदा मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात. हिवाळ्यासाठी चारही एकाच, जरा अरुंद मापाचे, वेगळ्या रिमवर चढवून घ्या. अरुंद टायर बर्फ कापत जातो, रुंद टायर त्यावर चढून बसतो.

रिमसकट असा संच साधारण त्या दोन हजारांच्या फरकात बसतो. म्हणून माझं उत्तर असं : चढ दहा टक्क्यांच्या आत असेल आणि तुमच्या रस्त्यावर पहाटे बर्फ बाजूला सारणारा प्लाऊ फिरत असेल, तर यांना त्यांची रिअर-व्हील घेऊ द्या आणि वाचलेले पैसे टायरांत घाला. चढ बारा-तेरा टक्क्यांच्या वर असेल, किंवा दोघांपैकी कोणाला प्लाऊ यायच्या आधी बाहेर पडावं लागत असेल, तर एक्सड्राइव्ह घ्या आणि टायरही घ्या. ‘एक्सड्राइव्ह घेतली, आता टायर पुढच्या वर्षी’ हा तिसरा पर्याय तुमच्या घरात निघणार, हे मला माहीत आहे. तो चौघांत सर्वात वाईट. चौथा म्हणजे साध्या टायरवरची रिअर-व्हील, पण ती निदान घरातून बाहेरच पडत नाही.

एक राहिलंच. ३३०आय दोन्ही प्रकारांत जमिनीला टेकलेली गाडी आहे. आठ-दहा इंच ताजा बर्फ साचला की तिचं पोट त्यावर टेकतं आणि चाकं अधांतरी फिरतात. ऑल-व्हीलने पोट उचललं जात नाही.

प्रश्न : ताई, मी नांदेडचा. हॉटनला मिशिगन टेकमध्ये मास्टर्सला आलोय. एक सीनिअर शिक्षण संपवून जाताना त्याची मस्टँग विकतोय, व्ही-सिक्स, रिअर-व्हील. तेवढ्याच पैशात एक जुनी सुबारू इम्प्रेझा मिळते, पण ती खालून गंजलीय. रूममेट म्हणतो मस्टँगच्या डिकीत वाळूची पोती टाकली की भागतं. मस्टँग फार आवडलीय.

उत्तर : अरे, आवडणारच. पण तू कुठे राहतोस ते बघ. तुझ्या गावापासून उत्तरेला यूएस-४१ वर जा, केवीनॉमध्ये रस्त्याच्या कडेला बर्फ मोजायचा एक भलामोठा खांब उभा आहे. त्याच्यावर १९७८-७९ च्या हिवाळ्याचा विक्रम लिहिलाय, ३९०.४ इंच, म्हणजे साडेबत्तीस फूट. दरवर्षी इतका नसतो, पण तुमच्या भागात दोनशे इंच ही नेहमीची गोष्ट आहे. लेक सुपीरिअरवरून येणारा वारा पाण्याची वाफ उचलतो आणि तुमच्या डोक्यावर रिकामा करतो, म्हणून एकदा सुरू झालं की दिवसचे दिवस थोडं थोडं पडतच राहतं. त्यात हॉटन वसलंय कालव्याकडे उतरणाऱ्या टेकडीवर. कॅम्पस खाली, स्वस्तातल्या खोल्या वर. तुझ्याच विद्यापीठाचं केवीनॉ रिसर्च सेंटर आहे ना, तिथे गाड्यांच्या हिवाळी चाचण्या होतात. ती जागा उगाच निवडलेली नाही.

वरच्या ताईंना जे दुप्पटीचं गणित सांगितलं ते मस्टँगला आणखी कडक लागतं, कारण तिच्या मागच्या चाकांवर निम्म्याहून कमी वजन असतं. पंधरा टक्क्यांच्या गल्लीत तिला ०.३ च्याही वर घर्षणांक लागेल. म्हणजे उत्तम विंटर टायर लावूनही ती काठावर राहते.

वाळूच्या पोत्यांचा उपाय खरा आहे, पण तो पिकअपचा. पिकअपला मागे रिकामा हौदा असतो, आणि पोती नेमकी मागच्या ॲक्सलच्या वर ठेवून बांधता येतात. मस्टँगच्या डिकीत ती ॲक्सलच्या मागे जातात. मागे भार पडतो, पुढचा हलका होतो, आणि स्टिअरिंग ज्या चाकांना आहे तीच सैल पडतात. शिवाय ते शंभर किलो थांबवायलाही लागतात, आणि नीट न बांधलेलं पोतं अपघातात मागच्या सीटमधून पुढे येतं.

सुबारू घ्यायची तर गंज बघूनच. इथल्या मिठाने सगळ्याच गाड्या तांबूस होतात, त्याला घाबरू नकोस. गाडी लिफ्टवर चढवून बघ आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक सबफ्रेमला (इंजिन आणि सस्पेन्शन पेलणारी खालची चौकट), सस्पेन्शन जिथे बोल्टने बसतं त्या जागांना आणि जॅक लावायच्या पट्टीला टोच. टोक आत गेलं तर दुसरी गाडी बघ. ब्रेकच्या नळ्या फुगून पापुद्रे सुटले असतील तरीही तेच. नुसता वरवरचा गंज असेल तर भाव पाड. आणि चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच झिजेचे आहेत का बघ. ऑल-व्हीलमध्ये एक टायर नवा आणि तीन झिजून गोटा असतील तर चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात, पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या मधल्या क्लचला किंवा डिफरन्शिअलला कायम काम करावं लागतं आणि ते तापून जातं. चार टायर एकदम बदलायचे पैसे विद्यार्थ्याकडे नसतात, हे या गाड्यांचं दुखणं.

मला विचारशील तर दोन्ही सोड आणि जुनी कोरोला किंवा सिव्हिक बघ. फ्रंट-व्हीलमध्ये इंजिन जोर लावणाऱ्या पुढच्या चाकांवरच बसलेलं असतं, साठ टक्के वजन पुढे. विंटर टायर लावून ती तुझ्या बहुतेक गल्ल्या चढेल, आणि दुरुस्तीचा खर्च तुझ्या स्टायपेंडमध्ये बसेल. मस्टँग नोकरी लागल्यावर घे. शक्यतो ॲरिझोनात.

प्रश्न : नमस्कार. मी पुण्याचा, निवृत्त बँक अधिकारी. गेल्या वर्षी थार घेतली, रिअर-व्हील मॉडेल. डिसेंबरात सौ. आणि मी गाडीनेच मनालीला जायचं म्हणतोय, जमलं तर अटल टनेल ओलांडून सिस्सूपर्यंत. थार आहे म्हटल्यावर बर्फाची भीती नाही ना? मुलगा उगाच घाबरवतो.

उत्तर : काका, या वेळी मुलगा बरोबर आहे. जानेवारी २०२३ मध्ये थारची रिअर-व्हील आवृत्ती आली तेव्हापासून हा घोटाळा होतोय. बाहेरून तीच गाडी, तीच उंची, तोच रुबाब, पण पुढच्या चाकांना ताकद नाही आणि ती पुढे वळवणारा ट्रान्स्फर केसचा दांडा नाही. फॉर्च्युनर फोर बाय टू, इनोव्हा क्रिस्टा, स्कॉर्पिओची साधी मॉडेलं, सगळ्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या. ताम्हिणीत किंवा कासच्या रस्त्याला याने काही अडत नाही. मी स्वतः गाडी शिकले ती वडिलांच्या पद्मिनीवर, साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात. तीही रिअर-व्हीलच. पावसातल्या चिखलात मागचं चाक फिरायला लागलं की वडील नुसतं ‘पाय’ म्हणायचे. पण चिखल तळाशी कुठेतरी धरतो. सोलंगच्या वाटेवर गाड्यांनी दाबून दाबून गुळगुळीत केलेला बर्फ धरत नाही.

बर्फ पडला की मनालीच्या पुढे पोलीस गाड्या अडवतात आणि फक्त फोर बाय फोर सोडतात. तुमची थार बघून त्यांना पहिल्यांदा फसल्यासारखं होईल, मग ते खाली वाकून बघतील. टनेल ९ किलोमीटरचा, दोन्ही तोंडं ३,००० मीटरच्या वर. आत रस्ता कोरडा असतो, तोंडाशी आणि त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या वळणांवर गोठलेला. डिसेंबरात दुपारनंतर हिमवर्षाव सुरू झाला की शेकडो पर्यटकांच्या गाड्या एकमेकींत अडकतात. त्यांच्यात एमएच नंबरच्या कमी नसतात.

म्हणून मनालीपर्यंत तुमच्या गाडीने खुशाल जा. पुढे बर्फ असेल तर तिथली फोर बाय फोर टॅक्सी करा. त्या ड्रायव्हरांना कुठल्या वळणावर सावली दिवसभर हटत नाही हे पाठ असतं, आणि काळा बर्फ तिथेच असतो. तो ओल्या डांबरासारखा दिसतो. टायरवर चढवायच्या, गाडीच्या मापाच्या साखळ्या मात्र डिकीत असू द्या, आणि त्या मागच्या चाकांना लावायच्या. पुढच्यांना लावलेल्या मी फोटोत बघितल्या आहेत. साखळ्यांवर ताशी ३०-४० किलोमीटरच्या वर जायचं नाही आणि उघडं डांबर लागलं की काढायच्या. लावायची रंगीत तालीम पुण्यात पार्किंगमध्ये करा, थंडीत बोटं चालत नाहीत.

गाडी निघायच्या आधी कूलंट तपासून घ्या. पुण्यात रेडिएटरची पातळी कमी झाली की आपण बिनदिक्कत नळाचं पाणी ओततो. मनालीच्या रात्री ते गोठलं तर इंजिन ब्लॉकला तडा जाऊ शकतो. काचेवर फवारायच्या पाण्याचंही तेच. रात्री हँडब्रेक ओढू नका, तो ओल्यात चिकटून बसतो. सपाट जागा बघून गाडी गिअरमध्ये टाका आणि चाकाला दगड लावा. डिझेल असेल तर टाकी मनालीतच भरा. सखल भागातलं डिझेल कडक थंडीत मेणासारखं होऊन फिल्टर तुंबवतं. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल आणलं ते याच कारणाने.

मित्राची खरी फोर बाय फोर थार मागून न्यायचा विचार मनात आला असेल तर एक सूचना. तिचा फोर-हाय, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा गिअर, फक्त निसरड्यावर वापरायचा. त्या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांमध्ये मधलं डिफरन्शिअल नाही, कोरड्या रस्त्यावर वळताना दोन्ही ॲक्सल एकमेकांशी भांडतात आणि दांडा अडकून बसतो. गाडी वळताना उड्या मारल्यासारखी वाटली की समजा. काकूंना गरम मोजे जास्तीचे घ्यायला सांगा.

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही मिसिसागात. आयोनिक ५ घेतोय, इलेक्ट्रिक. मागच्या चाकांवरची स्वस्त आहे आणि तिची रेंजही जास्त. विक्रेता म्हणतो ओंटारिओत ऑल-व्हीलच हवी. मोठ्या वीकेंडला मॉन्ट्रिऑलला मेव्हण्यांकडे जाणं असतं. क्वेबेकचा टायरचा कायदा आम्हाला लागतो का?

उत्तर : विक्रेत्याला महाग गाडी विकायची आहे, त्यात त्याचा दोष नाही. इलेक्ट्रिकमध्ये मागची चाकं हा प्रकार पेट्रोलच्या गाडीपेक्षा बराच सुधारतो. मोटर मागच्या ॲक्सलवरच बसलेली, बॅटरी तळाशी पसरलेली, त्यामुळे मागच्या चाकांवर वजन चांगलं येतं. चाक घसरायला लागलं की मोटरचा जोर क्षणाच्या अगदी छोट्या भागात कमी करता येतो, इंजिनाला ते तितक्या चपळाईने जमत नाही. मिसिसागा सपाट आहे आणि मिठात मुरलेलं आहे. विंटर टायर लावून मागच्या चाकांवरची घ्या. २०२४ च्या लाँग रेंजमध्ये तिचे अधिकृत ४८८ किलोमीटर आहेत, ऑल-व्हीलचे साठ-सत्तर कमी. थंडीत दोन्हींतून बराच वाटा गळतो, आणि मॉन्ट्रिऑल साडेपाचशे किलोमीटर आहे, तेव्हा वाटेत चार्जिंग करावंच लागणार.

फक्त एक सवय बदला. पाय उचलला की इलेक्ट्रिक गाडी मोटरनेच मंदावते. या गाडीत ते ब्रेकिंग मागच्याच चाकांवर येतं. आइसवर वळताना पाय पटकन उचलला तर शेपूट हलते, हँडब्रेक ओढल्यासारखं. निसरड्या दिवशी स्टिअरिंगमागच्या पॅडलने रीजन, म्हणजे हे मोटरचं ब्रेकिंग, सगळ्यात खालच्या पायरीवर आणा आणि ब्रेक पायाने मारा.

क्वेबेकची सक्ती १ डिसेंबर ते १५ मार्च, आणि ती तिथे नोंदवलेल्या व भाड्याच्या गाड्यांना आहे. तुमच्या ओंटारिओच्या नंबरला नाही. पण महामार्ग ४०१ संपून महामार्ग २० सुरू होतो तिथे बर्फ नंबरप्लेट वाचत नाही. आणि ओंटारिओत विंटर टायर लावल्यावर विमा कंपनीला हप्त्यात सूट द्यावीच लागते, २०१६ पासूनचा नियम आहे. विचारल्याशिवाय ती आपणहून मिळेल असं धरू नका.

आता फुटकळ प्रश्न.

डेन्व्हरहून : आय-७० वर स्की करायला जाताना रिअर-व्हील गाडीला दंड होतो का?

उत्तर : रिअर-व्हील आहे म्हणून होत नाही. मॉरिसन ते डॉटसेरो या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे कोलोराडोचा ट्रॅक्शन कायदा असतो. रिअर-व्हीलला विंटर किंवा एम प्लस एस टायर आणि ३/१६ इंच नक्षी शिल्लक हवीच, आणि साखळ्या सोबत ठेवण्याबद्दलचा चालू नियम निघण्याआधी बघून घ्या. उलट ऑल-व्हील असूनही टायर गोटा असतील तर पावती फाटू शकते. वादळ वाढलं तर साखळ्यांचा हुकूम निघतो. तेव्हा ऑल-व्हीलला सवलत असते, तुम्हाला नाही. दर शनिवारी जाणार असाल तर ऑल-व्हील घ्या, वर्षातून एकदा जाणार असाल तर मित्राच्या गाडीत बसा.

बफेलोहून : रिअर-व्हील आहे, ताकद मागे जाते, तर दोनच विंटर टायर मागे लावले तर चालेल का? पैसे निम्मे.

उत्तर : नाही. गाडी निघेल छान, पण पुढची चाकं वळणारही नाहीत आणि थांबणारही नाहीत. फ्रंट-व्हीलवाले फक्त पुढे लावतात, त्यांची शेपूट पहिल्याच ब्रेकला पुढे येते. चार नाहीतर शून्य. पैसे कमी असतील तर स्वस्त कंपनीचे चार घ्या. बाजूच्या भिंतीवर चार आकडी तारीख वाचा, ३५२३ म्हणजे २०२३ चा ३५ वा आठवडा. सहा-सात वर्षं जुना स्टॉक सवलतीत मिळाला तरी नको.

रोचेस्टरहून : चिखलबर्फात चाक खड्ड्यात फिरत राहिलं तर ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवायचं की बंद?

उत्तर : रस्त्यावर धावताना चालू. अडकलात तर तेवढ्यापुरतं बंद, कारण ते चाक फिरूच देत नाही आणि गाडी झुलवून बाहेर काढायला थोडं फिरावं लागतं. दुसऱ्या गिअरमध्ये हळू पुढे, मग मागे, स्टिअरिंग सरळ. चाक सुसाट फिरवलंत तर खालचा बर्फ वितळतो आणि पुन्हा गोठून काच होते. आधी खाली उतरून एक्झॉस्टच्या नळीपुढचा बर्फ काढा. ती तुंबली असेल तर गाडीच्या आत विषारी वायू येतो. बाहेर निघाल्यावर ट्रॅक्शन कंट्रोल परत चालू करायचं.

मॅडिसनहून : काढलेले टायर बेसमेंटमध्ये उभे ठेवायचे की आडवे? घरात यावरून वाद आहे.

उत्तर : रिमवर असतील तर आडवे एकावर एक, नुसतं रबर असेल तर उभे, आणि महिन्या-दोन महिन्यांनी थोडे फिरवायचे. फर्नेसपासून लांब ठेवा, मोटरमधून निघणारा ओझोन रबराला तडे पाडतो. काढतानाच खडूने लिहा : पुढचा डावा, मागचा उजवा. घरातल्या वादात दोघंही निम्मे बरोबर निघालात.